क्लासक्राफ्ट

क्लासक्राफ्ट : शाळेच्या वर्गालाच रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे एखादे पात्र घेऊन ते वाढवत खेळायच्या खेळाचे, रूप देणारे संगणकीय माध्यम. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील शेरब्रुक येथे ते तयार झाले. २०१३ नंतर दहाएक वर्षे अनेक देशांतल्या शाळांनी ते वापरले आणि २०२४ च्या मध्यावर ते मूळ रूपात बंद झाले. खेळातून शिकवण्याची साधने पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीचशी प्रश्नमंजूषेला गुणफलक जोडून थांबतात. क्लासक्राफ्टमध्ये खेळ एका धड्यापुरता नव्हता. तो वर्षभर वर्गाच्या भोवती चालू राही. मूल उशिरा आले, शेजाऱ्याला गणित समजावले, गृहपाठ विसरले, या सगळ्याची खेळात नोंद होई.

त्याचे जनक शॉन यंग हे माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवत आणि जोडीला वेबसाइटही बनवत. स्वतः खेळणारे आणि खेळणाऱ्या मुलांना शिकवणारे असल्यामुळे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या ऑनलाइन खेळात मुले तासन्‌तास टिकतात ती कशामुळे, हे त्यांना बाहेरून अभ्यासावे लागले नाही. नियम त्यांनी आधी स्वतःच्याच वर्गात वापरून पाहिले. २०१३ मध्ये त्यांची माहिती इंटरनेटवर टाकली, तेव्हा ठिकठिकाणच्या शिक्षकांनी ‘आम्हालाही द्या’ असा लकडा लावला. मग भाऊ डेव्हिन आणि वडील लॉरेन यांना सोबत घेऊन त्यांनी कंपनी काढली. मूलभूत भाग फुकट आणि पुढच्या सोयींना वर्गणी, अशी तिची व्यवस्था होती.

वर्षाच्या सुरुवातीला वर्गाचे चार ते सहा जणांचे गट पडत आणि नियमांच्या करारावर मुलांच्या सह्या घेतल्या जात. प्रत्येकाने तीनपैकी एक भूमिका निवडायची : लढवय्या, जादूगार किंवा वैद्य. जिवाचे बिंदू म्हणजे एचपी, शक्ती वापरायला लागणारे बिंदू म्हणजे एपी आणि अनुभवाचे बिंदू म्हणजे एक्सपी. (मोबाइलवर खेळणारी मराठी मुलेही एचपी, एक्सपी असेच म्हणतात, प्रतिशब्द घडवत बसण्यात अर्थ नाही.) लढवय्याकडे एचपी भरपूर, जादूगाराकडे ते सर्वांत कमी, पण त्याचे एपी जास्त. वैद्य या दोघांच्या मधला. चांगल्या कामाला एक्सपी मिळत, ते साठले की पातळी चढे आणि नवी शक्ती शिकता येई. नियम मोडला की एचपी कापले जात.

शक्ती कोणत्या, हे पाहिले की यामागे शिक्षकाचे डोके आहे हे लगेच कळते. लढवय्याची ‘शिकार’ म्हणजे वर्गात काहीतरी खाण्याची परवानगी. जादूगाराचे ‘टेलिपोर्ट’ म्हणजे दुसऱ्या मुलाशी जागेची अदलाबदल. एरवी ज्या गोष्टींसाठी मुले दिवसभर विनवण्या करतात, त्याच इथे कमावण्याच्या वस्तू झाल्या. शाळेला त्यापायी एक पैसाही खर्च नव्हता.

पण सगळ्या यंत्रणेचा कणा होता तो गट. समजा, एक मुलगी पुन्हा वही न आणता आली आणि शिक्षक तिचे दहा एचपी कापायला निघाले. ती जादूगार, आधीच काठावर आलेली. गटातला लढवय्या हात वर करतो आणि तो वार आपल्या अंगावर घेतो. त्याचे एपी खर्च होतात, एचपीही घटतात. मग वैद्य असलेली तिसरी मुलगी त्याला बरे करते. दुसऱ्यासाठी शक्ती वापरल्याबद्दल एक्सपी मिळत असल्याने हा उपकार अगदीच निःस्वार्थी नसतो. कोणीच पुढे आले नाही आणि एचपी शून्यावर आले, तर ती ‘लढाईत पडते’ : शिक्षकाने आधीच ठरवून ठेवलेल्या शिक्षांपैकी एक फासा टाकून निघते आणि गटातल्या बाकीच्यांनाही फटका बसतो. सगळा मामला मिनिटा-दोन मिनिटांचा. वही विसरणे ही एरवी बाई आणि ती मुलगी यांच्यातली गोष्ट. इथे ती सगळ्या गटाची होते. याचे कौतुक झाले ते याच कारणाने, आणि शंकाही याच ठिकाणी निघते. बुजऱ्या किंवा घरच्या अडचणींमुळे रोज उशिरा येणाऱ्या मुलाला ‘तुझ्यामुळे आमचे एचपी गेले’ हे ऐकावे लागणे फार लांब नसते. ते होऊ द्यायचे की नाही, हे सॉफ्टवेअरच्या हातात नव्हते. शिक्षकाच्याच हातात होते.

तास सुरू होताना चिठ्ठी उघडावी तशी एक ‘आकस्मिक घटना’ पडद्यावर येई. या घटना शिक्षकाला स्वतः लिहिता येत, त्यामुळे कधी एखाद्याला आयते बिंदू मिळत, तर कधी शिक्षकावरच काहीतरी करून दाखवण्याची पाळी येई. उजळणीसाठी राक्षसाशी लढाई असे : बरोबर उत्तराने राक्षस घायाळ होई, चुकीच्या उत्तराने उत्तर देणारा.

मोहिमा (क्वेस्ट), म्हणजे नकाशावरच्या कथेतून टप्प्याटप्प्याने करायचे धडे, मात्र बऱ्याच नंतर, २०१७ च्या सुमारास आल्या. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण क्लासक्राफ्टची ओळख पुष्कळदा मोहिमांचे माध्यम अशीच करून दिली जाते. पहिली काही वर्षे ते मुख्यतः वागणुकीचे साधन होते. अभ्यासक्रम त्यात मोहिमांनी आणला. शिक्षकाने एक नकाशा घ्यायचा, त्यावर ठिकाणे टाकायची आणि ती वाटांनी जोडायची. प्रत्येक ठिकाणी कथेचा एक तुकडा आणि एक काम. प्रकाशाच्या वक्रीभवनावरच्या मोहिमेत, उदाहरणार्थ, पहिल्या ठिकाणी पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल बघून आकृती काढायची, दुसऱ्या ठिकाणी कोन मोजायचे. पुढे वाट फुटते : गुण चांगले असतील तर सरळ पुढे, कमी असतील तर आधी उजळणीच्या आडवाटेने. प्रत्येक मूल आपापल्या चालीने जाई. मराठीतल्या ‘मोहीम’ या शब्दाला ही कल्पना बरोबर बसते, कारण मोहिमेत मुक्कामही असतात आणि वाट वाकडी करण्याची मुभाही.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉयसी स्टेट विद्यापीठात लिसा डॉली आणि ख्रिस हॅस्केल यांनी तयार केलेले थ्रीडी गेमलॅब हे मोहिमांचे दुसरे माध्यम होते. तिथे मुलाने अनेक मोहिमांतून हवी ती उचलायची, आणि काम जमले नसेल तर नापास न होता ते दुरुस्तीसाठी परत यायचे. निवडीचे हे स्वातंत्र्य क्लासक्राफ्टच्या नकाशात कमी होते. शिकणे म्हणून पाहिले तर बॉयसीची रीत अधिक खोल वाटते. वर्ग एकत्र बांधण्यात क्लासक्राफ्ट सरस.

बक्षिसांमुळे मुळातली आवडच कमी होते, हा जुना आक्षेप इथेही लागू पडतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्केचपेनने चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखवलेली मुले पुढे आपणहून कमी चित्रे काढू लागली. २०१५ मध्ये हॅनस आणि फॉक्स या संशोधकांनी महाविद्यालयीन वर्गांची तुलना केली, त्यात बिल्ले आणि क्रमवारीचे फलक असलेल्या वर्गाची प्रेरणा घटली आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी पडले. हे निष्कर्ष क्लासक्राफ्टवर काढलेले नाहीत, आणि क्लासक्राफ्टमध्ये एकमेकांवर कुरघोडी करण्यापेक्षा एकमेकांना वाचवण्याला महत्त्व होते. संशोधक एरिक सांचेझ यांच्याबरोबर २०१७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात खुद्द यंग यांची भूमिकाही अशीच दिसते : खेळाचे सुटे भाग वर्गाला चिकटवल्याने खेळ होत नाही, मुलांना ती परिस्थिती खेळ वाटली तरच तो खेळ. हे पटण्यासारखे आहे, पण मग सक्तीच्या तासाला बसलेले मूल खेळत असते की नुसते गुण मिळवत असते, हे कसे ओळखायचे, हा प्रश्न उरतोच. शिवाय वागणुकीची वर्षभराची नोंद एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर साठत होती, ही बाब खेळाच्या झगमगाटात सहज नजरेआड होई.

२०२३ मध्ये बोस्टनची पाठ्यपुस्तक कंपनी हॉटन मिफ्लिन हारकोर्ट हिने क्लासक्राफ्ट विकत घेतले. पुढच्याच वर्षी मूळ खेळ बंद झाला. शिक्षकांनी रात्री जागून बांधलेले नकाशे आणि मुलांनी वाढवलेली पात्रे त्याबरोबर गेली. क्लासक्राफ्ट हे नाव मात्र कंपनीने ठेवले. आता त्या नावाने, शिक्षकाने सगळ्या वर्गाला एकत्र शिकवण्यासाठी तयार पाठ पुरवणारे वेगळेच साधन मिळते. त्यात ना लढवय्या आहे, ना वैद्य.