ओटीपी मागणारा फोन आणि अटकेचा धाक घालणारा फोन

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे आता घरातल्या सर्वात वयस्क माणसालाही पाठ झाले आहे. तरीही निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेत उभी हयात घालवलेले अधिकारी अशी जाणती माणसे आयुष्यभराची पुंजी गमावून बसतात, आणि चौकशी केली की कळते, त्यांनी एकही ओटीपी कुणाला दिलेला नव्हता. घरचे मग चक्रावतात. ‘सांगितलं तर होतं इतक्यांदा,’ असे म्हणतात.

सांगितले होते ते वेगळ्याच फोनबद्दल. आपण ज्याला सरसकट ‘फ्रॉड कॉल’ म्हणतो त्यात दोन अगदी निराळे प्रकार आहेत. एकाला तुमच्या खात्याची किल्ली हवी असते. ती मिळाली की पैसे तो स्वतः काढतो. दुसऱ्याला किल्ली नकोच असते. तो तुम्हाला इतके घाबरवतो की पैसे तुम्हीच त्याच्या खात्यात भरता. पहिल्यापासून वाचण्याचे उपाय दुसऱ्यावर चालत नाहीत, आणि घरोघरी सांगितले जातात ते बहुतेक पहिल्याचेच. वयस्क माणसांच्या बाबतीत ही गल्लत फार महागात पडते, म्हणून दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिल्या फोनचे काम काही मिनिटांचे असते. केवायसी संपली आहे, कार्ड ब्लॉक होणार आहे, आज रात्री वीज तोडली जाईल, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला ऑनलाइन अद्ययावत करायचा आहे, अशी काहीतरी कारकुनी अडचण सांगितली जाते. बोलणारा बहुधा नम्र असतो, मदतीला धावून आल्यासारखा. मग तो तीनपैकी एक गोष्ट मागतो. ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे. नाहीतर फोनवर एखादे ॲप घ्यायला लावतो, ज्यातून तुमचा स्क्रीन त्याला दिसू लागतो. नाहीतर व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी फाइल, पाठवून ती उघडायला सांगतो. स्क्रीन दिसत असेल किंवा फाइलने मेसेज वाचायची परवानगी मिळवली असेल, तर ओटीपी तोंडाने सांगायचीही गरज उरत नाही. ‘मी ओटीपी सांगितला नाही’ असे एखादे आजोबा प्रामाणिकपणे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात.

पैसे ‘परत देतो’ म्हणून यूपीआय पिन टाकायला लावणे हाही याच घरातला प्रकार. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले, एवढे एकच वाक्य आईवडिलांच्या मनावर बिंबवले तरी पुष्कळ झाले.

या फोनवर उपाय सोपा आहे: फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधायचा नाही, कारण तिथे खोटे नंबर पेरलेले सापडतात. पडताळणीसाठी दोन खुणा अलीकडे नव्याने मिळाल्या आहेत. बँकांनी सेवेसाठी किंवा व्यवहारासाठी केलेले फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावेत आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. आणि त्याच वर्षी बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता सक्तीचा केला. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला त्यामुळे शंकेनेच ऐकावे. मात्र १६०० चा नंबर दिसला म्हणूनही पिन सांगायचा नाही.

आता दुसरा फोन. याला ‘डिजिटल अरेस्ट’ असे नाव पडले आहे.

सुरुवात बहुधा एखाद्या कुरिअर कंपनीच्या किंवा दूरसंचार खात्याच्या नावाने होते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डावरून गुन्हा घडला, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला. लगेच फोन ‘पोलिसांकडे’ जोडून दिला जातो. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेले पत्र: सीबीआयचे, ईडीचे, अगदी सर्वोच्च न्यायालयाचेही. यानंतर जे सांगितले जाते त्यात साऱ्या डावाचे मर्म आहे. कॅमेरा बंद करायचा नाही. खोलीबाहेर जायचे नाही. मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला एक शब्दही सांगायचा नाही, नाहीतर तेही गुन्ह्यात अडकतील.

हा फोन मिनिटांत संपत नाही. तो तासन् तास चालतो, कधी कित्येक दिवस. अधूनमधून धमकी, अधूनमधून दिलासा. एक अधिकारी कठोर, दुसरा सहानुभूतीने बोलणारा: ‘आजोबा, तुम्ही निर्दोष दिसता, मी तुम्हाला यातून बाहेर काढतो.’ शेवटी मागणी येते ती दंडाची नसते. तुमचे पैसे तपासणीसाठी एका ‘सरकारी’ खात्यात ठेवायचे, पडताळणी झाली की परत. मग ते आजोबा स्वतः बँकेत जातात, मुदत ठेव मोडतात, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवण्याचा आरटीजीएसचा फॉर्म भरतात, सही करतात. काउंटरवर कुणी विचारले तर काय उत्तर द्यायचे तेही पढवलेले असते. घर घ्यायचंय, मुलाला पैसे पाठवायचेत.

बँकेच्या यंत्रणेच्या नजरेतून पाहा: खातेदार खरा, सही खरी, ओटीपी ज्याचा त्यानेच टाकलेला. चोरीची कोणतीच खूण तिथे उमटत नाही. पहिल्या फोनसाठी उभारलेली सगळी तटबंदी शाबूत राहते आणि पैसे दिंडी दरवाजातून बाहेर पडतात.

नातवाचा अपघात झालाय, मुलगा परदेशात पकडला गेलाय, ताबडतोब पैसे पाठवा, असे सांगणारा फोनही याच दुसऱ्या जातीचा. तिथे कायद्याच्या भीतीऐवजी मायेला हात घातलेला असतो, आणि आता आवाजाची नक्कलही करता येते. फोन ठेवून त्या नातवाच्या जुन्या, आपल्याकडे साठवलेल्या नंबरवर फोन करणे, हाच त्यावर उपाय.

कायदा साठीनंतर काय म्हणतो

या दुसऱ्या फोनवर ‘माहिती देऊ नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण माहिती मागितलेलीच नसते. इथे उपयोगी पडते ते कायद्याचे थोडेसे ज्ञान, आणि ते वयस्क माणसांना आधीच, शांतपणे दिलेले असले पाहिजे. फोन आल्यावर ते डोक्यात शिरत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटक ही माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घेण्याची गोष्ट आहे. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवण्याची नाही. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. पोलिसांपुढे हजर राहण्याची कलम ३५ खालची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्यापुढची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. याच संहितेने साठीपुढच्या माणसांना वेगळे संरक्षण दिले आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर साठ वर्षांवरील किंवा अशक्त व्यक्तीला पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर साठ वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्याकडे यायचे असते. म्हणजे खरा कायदा म्हाताऱ्या माणसाशी जितका सबुरीने वागतो, तितका हा फोन घाईने आणि दरडावून वागतो. आणि तपास चालू असताना पैसे ‘तपासणीसाठी’ आमच्या खात्यात पाठवा, असे पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, रिझर्व्ह बँक यांपैकी कुणीही सांगत नाही.

प्रकरण किती पुढे गेले आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याचे एक कोटीहून अधिक रुपये लुबाडले गेले. त्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून सुनावणी सुरू केली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

पैसे गेल्यावर

इथे दोन्ही फोनांची पहिली पायरी एकच आहे: १९३० वर फोन. हा गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे यंत्रणेचा मदत क्रमांक; ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते. गेलेले पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून एकातून दुसऱ्यात झपाट्याने पळवले जातात. ते एखाद्या खात्यात पडून आहेत तोवरच गोठवता येतात, म्हणून ‘मुलगा संध्याकाळी आला की बघू’ म्हणून थांबायचे नाही. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवायची, आणि त्याच वेळी बँकेलाही लेखी कळवायचे. मेसेज आणि कॉलची नोंद पुसून टाकायची नाही. लाजेपोटी अनेकजण नेमके तेच करतात.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तुमच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर तो मर्यादित राहतो. ओटीपी किंवा पिन ग्राहकानेच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही या परिपत्रकाने बँकेवर टाकले आहे. म्हणून पहिल्या फोनाच्या बाबतीत बँकेशी भांडायला जागा असते. दुसऱ्यात व्यवहार खातेदारानेच केलेला, त्यामुळे या परिपत्रकाचा आधार घेणे अवघड जाते आणि सारी भिस्त पैसे वेळेत गोठवले जाण्यावर राहते. ज्या फसवणुकीत रक्कम सहसा मोठी असते, तिथेच परतीची वाट अरुंद आहे. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

घरी करायच्या तयारीतही फरक आहे. पहिल्या फोनसाठी आर्थिक कडीकोयंडे पुरतात: कार्डाचा ऑनलाइन वापर बंद ठेवणे, रोजची मर्यादा कमी करणे, यूपीआयला मोठी ठेव असलेले खाते न जोडता थोडी रक्कम असलेले वेगळे खाते जोडणे. हे एका दुपारी होऊन जाते.

दुसऱ्या फोनविरुद्ध असे कोणतेही बटण नाही. तिथे माणूस एकटा पडला की खेळ संपतो. म्हणून आईबाबांशी एवढाच करार करावा: ‘कुणाला सांगू नका’ असे जो म्हणेल, त्याचा फोन ठेवायचा आणि पहिला फोन आम्हाला करायचा, मग आम्ही मीटिंगमध्ये असू नाहीतर झोपलेले. आणि तो फोन आला की आपण वैतागायचे नाही. साध्या विचारण्यावर ‘बाबा, तुम्हाला काही कळत नाही’ असे ऐकून घेतलेला माणूस संकटात आपल्याला फोन करत नाही. व्हिडिओवरचा गोड बोलणारा अधिकारी त्याला जवळचा वाटतो. मुले दूर असतील तर एखादा शेजारी, बँकेतला ओळखीचा माणूस असे आणखी एक नाव ठरवून ठेवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा मदत क्रमांकही आहे.

फसवणूक होऊन गेली असेल तर घरच्यांनी आणखी एका फोनपासून सावध राहावे, कारण तो पुष्कळदा येतो. तुमची तक्रार आमच्याकडे आली आहे, पैसे सापडले आहेत, सोडवून घेण्यासाठी थोडी फी भरा, असे तो सांगतो. गमावलेल्या माणसाला तो देवासारखा वाटतो. परतफेडीसाठी आधी पैसे मागणारा फोन हाही त्याच टोळ्यांचा उद्योग असतो. तोही १९३० वर कळवावा.