कास्टेबल: भट्टीच्या अस्तरातलं सिमेंट कमी होत गेलं त्याची गोष्ट

साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन बहुतेक दसऱ्याच्या आसपास होतं. पत्रिका छापून झालेल्या असतात, पाहुणे ठरलेले असतात, आणि भट्टीच्या दाराभोवतीचं कास्टेबल मात्र चार दिवसांपूर्वीच ओतलेलं असतं. अशाच एका समारंभानंतर, आग जरा जोरात चढवल्यावर, आतून सुतळी बॉम्बसारखा आवाज आलेला मी ऐकलाय. दार उघडलं तेव्हा दोन घमेली भरतील एवढे अस्तराचे तुकडे शेगडीवर पडलेले. सगळ्यांनी मालाला दोष दिला. माल ठीक होता. नडलं ते आत अडकलेलं पाणी.

कास्टेबल म्हणजे भट्टीचं काँक्रीट. खडीच्या जागी भाजलेल्या फायरक्लेचा (आगीत टिकणाऱ्या मातीचा), बॉक्साइटचा किंवा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) चुरा, त्याचीच बारीक पूड, आणि बांधून ठेवायला सिमेंट. विटांच्या सांध्यांची कटकट नाही. आकार कितीही वाकडा असो, शटरिंग लावून ओतता येतं. अडचण सिमेंटचीच. बांधकामाचं पोर्टलँड सिमेंट इथं चालत नाही. ते घट्ट होताना त्यात विरलेला चुना तयार होतो. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या पुढं त्यातलं पाणी उडून कळीचा चुना उरतो, आणि भट्टी निवली की तो हवेतली ओल पिऊन फुगतो. अस्तराचा भुगा व्हायला एवढं पुरतं.

दुसरा रस्ता फार आधी दिसला होता. ॲल्युमिनियम कारखान्यात बनवण्याची रीत बसवणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सँत-क्लेर दव्हिल यांनी १८५६ मध्ये चुना आणि ॲल्युमिना एकत्र वितळवून सिमेंट केलं, त्यात कुरुंदाचा चुरा घातला आणि उच्च तापमानाच्या मुशी ओतल्या. म्हणजे कास्टेबलच, फक्त नाव नव्हतं. पण ती प्रयोगशाळेतली चीज होती, पोत्यात भरून विकायची नव्हे.

ती पोत्यात आली ती भलत्याच कारणानं. गंधकाचे क्षार असलेल्या जमिनीत आणि समुद्राच्या पाण्यात काँक्रीट कुजतं म्हणून फ्रान्समधले लोक हैराण होते. ल तेय इथल्या लाफार्ज कंपनीत ज्यूल बीए यांनी चुनखडी आणि बॉक्साइट वितळवून, तो काळा गोळा दळून नवं सिमेंट तयार केलं. पेटंट १९०८ चं. हे सिमेंट एका दिवसात कडक होतं, म्हणून पहिल्या महायुद्धात तोफांच्या बैठकांना वापरलं गेलं. भट्टीवाल्यांना त्याची दुसरी खुबी कळली: यात विरलेला चुना तयारच होत नाही.

गंमत म्हणजे इमारतीत त्याचं नाव पुढं खराब झालं. त्याचे सुरुवातीचे पाणीदार स्फटिक दमट उष्णतेत हळूहळू रूप बदलतात, आकसतात, आणि काँक्रीट सच्छिद्र होतं. लंडनच्या स्टेपनी भागात १९७४ मध्ये एका शाळेच्या जलतरण तलावावरचं छत कोसळलं आणि ब्रिटननं इमारतींच्या सांगाड्यातून ते हद्दपार केलं. भट्टीला या दोषाचं सोयरसुतक नाही, कारण तिथं ते स्फटिक टिकणारच नसतात. ३५०-४०० अंशांपर्यंत बहुतेक पाणी निघून जातं आणि जुनी पकड सैल पडते. नवी पकड, म्हणजे कण एकमेकांना भाजून चिकटणं, हजार अंशांच्या पुढं सुरू होते. मधल्या पट्ट्यात अस्तर सर्वात अशक्त असतं. भट्टी बंद पडली की पडझड नेमकी कुठं शोधायची, हे यावरून ठरवता येतं.

खरी मेख सिमेंटमध्येच असलेल्या चुन्याची आहे. चुना एकटा २६०० अंशांपर्यंत वितळत नाही, ॲल्युमिना २०५० पर्यंत, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) १७०० पर्यंत. पण तिघं विशिष्ट प्रमाणात एकत्र आले, तर ११७० च्या आसपासच पातळ होतात. ॲल्युमिना भरपूर असला तर हा आकडा वर जातो, तरी तिघांच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा बराच खाली राहतो. म्हणजे थंडीत जो बांधतो, तोच आगीत माल मऊ करतो. जुन्या कास्टेबलात असं सिमेंट १५ ते ३० टक्के असायचं. आधी सिमेंट शुद्ध केलं गेलं: लोह काढून, ७० ते ८० टक्के ॲल्युमिना असलेलं पांढरं सिमेंट आलं. मग लोकांनी सिमेंटच कमी करायला घेतलं.

त्याची सुरुवात १९६९ च्या एका फ्रेंच पेटंटनं झाली: ५ ते ८ टक्के सिमेंट, थोडी माती, आणि कण सुटे ठेवणारं रसायन. पुढं मायक्रोसिलिका आली. फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून गोळा होणारी ही करडी पूड इतकी बारीक की सिमेंटच्या कणांमधल्या फटीतही बसते. पूर्वी त्या फटी पाण्यानं भरायच्या. पाणी १० टक्क्यांवरून ५ वर आलं, माल घट्ट झाला, ताकद वाढली. वितळलेलं पोलाद वाहून नेणाऱ्या लेडलसारख्या ठिकाणी, जिथं १६०० अंशांचा संबंध येतो, तिथं मायक्रोसिलिकाही (तीही सिलिकाच) नको झाली आणि ॲल्युमिना-स्पिनेलचं (स्पिनेल म्हणजे मॅग्नेशिया आणि ॲल्युमिनाचं संयुग) कास्टेबल आलं.

जुन्या मालाचं पाणी मिस्त्री हातानं जोखायचे. गोळा करून वीतभर वर उडवायचा आणि झेलायचा. फुटला तर कोरडा, बोटांतून ओघळला तर पातळ, तळव्यात बसून राहिला तर बरोबर. नव्या मालाला ही परीक्षा लागू नाही. तो हातात कोरडा ठणठणीत वाटतो आणि व्हायब्रेटर लावला की पाण्यासारखा वाहतो. ‘अजून अर्धी बादली ओत’ म्हणणाऱ्यांनी त्याचं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

आणि घट्टपणाची किंमत अशी की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. १८० अंशांना कोंडलेल्या वाफेचा दाब १० बारच्या घरात जातो. कच्चं कास्टेबल तेवढी ओढ सोसत नाही, ते उडतं. म्हणून आता त्यात पॉलीप्रॉपिलीनचे बारीक धागे घालतात. ते १६५ अंशांच्या सुमारास वितळतात आणि वाफेला बोगदे मोकळे करून देतात. तरीही पहिली आग हळू हळूच चढवावी लागते, मधे मधे थांबून.

त्या कारखान्यात पुढच्या वर्षी मुहूर्त बदलला नाही. फक्त लाकडाची मंद धुनी आठ दिवस आधीच लावली होती. अध्यक्षांनी मशाल आत टाकली तेव्हा भट्टीच्या दाराला हात लावता येत नव्हता.