जुन्या स्कूटरची जुळणी

पूर्ण खोललेली जुनी स्कूटर इंजिनकाम आणि डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर पुन्हा मूळ रूपात उभी करण्याचे काम. गॅरेजच्या बोलीत ‘फिटिंग’. लोकांची नजर रंगावर ठरते. पण गाडी पुढची दहा वर्षे रस्त्यावर राहील की अंगणात झाकून ठेवावी लागेल, हे फिटिंगवरच ठरते.

नागपुरात या कामाला येणाऱ्या गाड्या बहुतेक बजाजच्या : जुनी 150, चेतक आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया. अधूनमधून मुंबईत बनलेली लॅम्ब्रेटा किंवा लखनौची विजय सुपर. बजाजचा व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली, तरी सांगाडा व्हेस्पाचाच राहिला. या घराण्यात पत्र्याची बॉडी हीच चेसिस, म्हणजे सांगाडा, असते. इंजिन उजव्या अंगाला असते आणि चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते, चेन नसतेच. लॅम्ब्रेटाला मात्र नळीचा सांगाडा आणि इंजिनात चेन असते, त्यामुळे तिच्या फिटिंगचा क्रमही वेगळा. पुढील वर्णन व्हेस्पा घराण्याचे आहे.

फिटिंगची खरी सुरुवात गाडी खोलतानाच होते. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावणे आणि हँडलच्या आतल्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढणे, ही एका संध्याकाळची मेहनत पुढचे कित्येक दिवस वाचवते. हरवलेला नट-वायसर इतवारीच्या लोहाओळीत मिळून जातो. कोणता कुठे होता हे कोणत्याच दुकानात मिळत नाही. जुनी वायर ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा. वायर बाहेर येते, दोरा बॉडीच्या पोकळीत राहतो आणि रंगकामानंतर त्याच दोऱ्याने नवी वायर आत खेचता येते. दोरा विसरला तर अंधाऱ्या पोकळीत तार सरकवत बसावे लागते आणि ताजा रंग ओरखडला जातो.

क्रम मोडून चालत नाही. रंगून आलेल्या बॉडीत सर्वांत आधी लाइटची वायरिंग आणि गिअर, क्लच, ब्रेकच्या वायरींची आवरणे जातात, कारण इंजिन चढल्यावर तिथे बोट शिरत नाही. जिथे अर्थची वायर कसायची, तिथला रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडावा. नवा रंग वीज अडवतो आणि ‘सगळं नवीन टाकलं तरी हॉर्न वाजत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच निघते.

मग फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दांडा. तो ज्यावर फिरतो त्या जुन्या कोनसेटमध्ये (बेरिंगमध्ये) सुट्या गोळ्या असतात. त्या ग्रीसमध्ये चिकटवून बसवतात, नाहीतर फोर्क वर सरकवताना एखादी निसटून जमिनीवर टणटणते. वरची चकती कसताना घाई करू नये. आधी हलका खेळ जाईपर्यंत कसावे, मग किंचित सैल करावे. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल हलके ढकलले की ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडले पाहिजे. अडखळले तर कोन जास्त कसला आहे, आणि रस्त्यावर गाडी सरळ जाणार नाही.

इंजिनात बेरिंग ठोकून बसवू नये. केसिंग (इंजिनचे बाहेरचे कवच) गरम आणि बेरिंग फ्रीजमधले गार असले की ते हाताच्या दाबाने आत जाते. नागपूरच्या मे महिन्यातले ऊन कितीही कडक असले तरी या कामाला पुरत नाही, हीटगनच लागते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला ठेवावा आणि रिंगांच्या तोंडांमधल्या फटीत खाचेतल्या पिना बसल्या आहेत हे पाहूनच बोअर (सिलिंडर) खाली सरकवावा. रिंग पिनेवर चढली तर ती जागीच तुटते. तयार इंजिन एका लांब बोल्टवर टांगून मागे शॉकअपला जोडतात. मागच्या चाकाच्या मोठ्या नटाला स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुहेरी तार) घातल्याशिवाय गाडी जॅकवरून खाली उतरवूच नये; तो नट सुटला तर चालत्या गाडीचे चाक निखळते. शेवटी गिअरच्या दोन्ही वायरी अशा ताणाव्यात की हँडलवरची न्यूट्रलची खूण आणि गिअरबॉक्सचा न्यूट्रल एकत्र येतील.

हवेचा हिशेबही ठेवावा लागतो. समुद्र लांब असल्यामुळे खाऱ्या हवेचा गंज इथल्या गाड्यांना नसतो, मात्र पायाखालच्या रबर मॅटखाली पाणी साचून पत्रा सडतोच. उन्हाळ्यात फवाऱ्यातला रंग पत्र्याला लागण्याआधीच सुकून खरखरीत होतो, पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे दिवस रंगाला बरे. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुनी रबरी नळी आणि कार्ब्युरेटरची रबरे ठेवू नयेत, मूळची असली तरीही.

पहिल्या किकआधी टाकीत दर लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. पहिले 500 किलोमीटर गाडी पळवत नाहीत आणि त्यानंतर प्रत्येक नट पुन्हा तपासतात. सेमिनरी हिल्सचा चढ गाडी दुसऱ्या गिअरवर, क्लच न घसरता, चढली तर तो नीट बसला असे समजावे.

कागदांसाठी बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर लांबी (खड्डे भरायची पुटी) आणि रंगाखाली बुजू देऊ नये. नोंदणीच्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण असते आणि तपासणीत हा नंबर वाचता यावा लागतो. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रोज ऑफिसला स्कूटर न्यायची असेल, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी.