अमेरिकेतला खरेदीदार दिवाळखोरीत गेला, तर कोर्टाचे कागद कसे काढायचे
आमच्या निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पैसे थकलेत, मेलला उत्तर नाही, आणि एक दिवस एजंट सांगतो, “पार्टीने चॅप्टर ११ घेतलंय,” म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज केलाय. अशा वेळी ऐकीव माहितीवर राहू नका. अमेरिकेत दिवाळखोरीच्या प्रकरणातले बहुतेक सगळे कागद जनतेला खुले असतात आणि ते तुमच्या टेबलावरून, किरकोळ खर्चात काढता येतात. कागद मिळवणं सोपं आहे. त्यातला नेमका कोणता आणि कोणत्या तारखेच्या आत वाचायचा, हे चुकलं की नुकसान होतं.

कोर्ट कुठलं?

दिवाळखोरी हा तिथे संघराज्याचा विषय आहे. खरेदीदाराच्या गावातल्या काउंटी कोर्टात किंवा राज्याच्या कोर्टात हे प्रकरण सापडणार नाही. देशात ९४ संघीय न्यायिक जिल्हे आहेत आणि प्रकरण त्यांपैकी एका जिल्ह्याच्या बँकरप्सी कोर्टात असतं. ऑफिस न्यू जर्सीत, गोदाम टेक्सासमध्ये आणि अर्ज मात्र डेलावेअरमध्ये, असं सर्रास घडतं, कारण कंपनीची नोंदणी ज्या राज्यातली तिथेही अर्ज करता येतो. इनव्हॉइसवरच्या पत्त्यावरून कोर्ट ठरवू नका, देशभर शोधा.

पेसरवर शोध

संघीय कोर्टांच्या सरकारी यंत्रणेचं नाव पेसर. नोंदणी मोफत आहे आणि त्या वेळी कार्डाचा तपशील भरला तर खातं लगेच चालू होतं. आत गेल्यावर ‘केस लोकेटर’ उघडा आणि न्यायालयाच्या प्रकारात बँकरप्सी निवडा. केस लोकेटरची माहिती रात्री एकदा ताजी होते, त्यामुळे आज दाखल झालेलं प्रकरण तिथे उद्या दिसतं.

नाव टाकताना इन्क, एलएलसी, कॉर्प ही शेपटं गाळा आणि नावाचा सुरुवातीचा, वेगळा ओळखू येणारा भागच द्या. तुम्ही ज्या नावाने बिल काढता ते कित्येकदा दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव असतं, अर्जदार कंपनी वेगळीच असते. खरेदीदाराचा कर-ओळख क्रमांक जुन्या कागदांत असेल तर त्याच्यावरून शोधा, गोंधळच मिटतो. अर्जाच्या पहिल्या पानावर हा क्रमांक आणि कंपनीने मागच्या ८ वर्षांत वापरलेली इतर नावं असतात. आपली पार्टी हीच का, ते तिथे ताडून बघा.

प्रकरण क्रमांक २४-१०१२३ असा दिसतो. पहिले दोन आकडे दाखल झाल्याच्या वर्षाचे असतात.

खर्च

दर पानाला १० सेंट. एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, म्हणजे ३० पानांनंतर मीटर थांबतो. तीन महिन्यांचं एकूण बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झालं तर ते माफ होतं, त्यामुळे एका प्रकरणापुरतं काम अनेकदा फुकटातच होतं. पैसे वाया जाण्याच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. नावाच्या शोधाला ही ३ डॉलरची मर्यादा नाही, आणि काहीच सापडलं नाही तरी एका पानाचे पैसे लागतात. एका नोंदीला दहा जोडपत्रं असतील तर प्रत्येक जोडपत्र स्वतंत्र कागद धरलं जातं. डॉकेट, म्हणजे प्रकरणातल्या नोंदींची क्रमवार यादी, पुन्हा उघडली की पुन्हा आकारणी होते. म्हणून एकदा उघडली की लगेच जतन करा, आणि नंतर तारखेची मर्यादा घालून फक्त नव्या नोंदी मागवा.

पेसरकडे जाण्याआधी दोन फुकट जागा बघा. मोठ्या चॅप्टर ११ प्रकरणांत कोर्ट क्रोल, एपिक, स्ट्रेटो यांसारखा क्लेम्स एजंट, म्हणजे धनकोंचे दावे नोंदवून घेणारी संस्था, नेमतं आणि त्याच्या संकेतस्थळावर डॉकेट, अर्ज, दाव्यांची यादी विनामूल्य असते. कोर्टलिसनर या संकेतस्थळाच्या रीकॅप संग्रहात इतरांनी पेसरवरून घेतलेले कागद साठवलेले असतात. संग्रह अपुरा असू शकतो, तेव्हा त्यात कागद नाही म्हणजे तो दाखलच झाला नाही, असं समजू नका. अमेरिकेत तुमचा माणूस असेल तर कोर्टाच्या क्लार्कच्या कार्यालयातल्या संगणकावर तो हे सगळं मोफत पाहू शकतो. छापील पानाला तिथेही १० सेंट पडतात.

काय वाचायचं

आधी चॅप्टर कोणता ते बघा. चॅप्टर ७ म्हणजे मालमत्ता विकून वाटप, चॅप्टर ११ म्हणजे बहुधा धंदा चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी. त्यानंतर अर्जाची तारीख, कारण पुढचे सगळे दिवस तिच्यापासून मोजले जातात.

मग शेड्यूल ई/एफ काढा. ही तारण नसलेल्या देण्यांची यादी, आणि तुमचं नाव असलं तर बहुधा इथेच असेल. शेड्यूल्स अर्जानंतर १४ दिवसांत द्यायची असतात, पण चॅप्टर ११ मध्ये मुदतवाढ नेहमीचीच. नावासमोरची रक्कम बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘वादग्रस्त’, ‘सशर्त’, ‘अनिश्चित रकमेचं’ यांपैकी एखाद्या चौकटीत खूण आहे का ते. चॅप्टर ११ मध्ये खूण नसेल आणि रक्कम बरोबर असेल तर तुमचा दावा दाखल झाल्यासारखाच मानला जातो. खूण असेल, रक्कम कमी असेल किंवा नावच नसेल, तर मुदतीत स्वतः दावा भरावा लागतो. आमचा सल्ला असा की यादी ठीक दिसली तरी भरून टाका. शुल्क नाही, दाव्याचा फॉर्म ४१० मोजक्या पानांचा आहे आणि यादीत नंतर दुरुस्ती होऊ शकते.

दाव्याची मुदत ऐच्छिक (कंपनीने स्वतः अर्ज केलेल्या) चॅप्टर ७ मध्ये साधारणपणे ७० दिवसांची असते, चॅप्टर ११ मध्ये कोर्ट तारीख ठरवतं. डॉकेटमध्ये ‘बार डेट’, म्हणजे दाव्याची शेवटची तारीख, हा शब्द शोधा. त्या आदेशातच दावा कोर्टाकडे पाठवायचा की क्लेम्स एजंटकडे, हे लिहिलेलं असतं. वेळही नीट वाचा. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन, तारीख दुसऱ्या दिवसाची. चॅप्टर ७ च्या नोटिशीत ‘सध्या दावा भरू नये’ असं असेल तर वाटायला मालमत्ता दिसत नाही असा त्याचा अर्थ. पुढे काही निघालं तर नवी नोटीस येते.

एकाच गटातल्या दहा कंपन्यांची प्रकरणं एकत्र चालतात तेव्हा बहुतेक कागद मुख्य प्रकरणाच्या डॉकेटमध्ये पडतात. तुमच्या खरेदीदार कंपनीचं स्वतंत्र डॉकेट जवळजवळ रिकामं दिसतं आणि प्रकरण थंड पडलंय असं वाटतं. तसं नसतं, मुख्य क्रमांक उघडा. पण दावा मात्र ज्या कंपनीने माल घेतला तिच्याच नावावर भरायचा.

आर्थिक व्यवहारांचं निवेदन, म्हणजे फॉर्म २०७, हा कागद फारसं कुणी उघडत नाही. त्यात अर्जाआधीच्या ९० दिवसांत कोणत्या धनकोला किती पैसे दिले याची यादी असते. त्यात तुमचं नाव असेल तर तुम्हाला मिळालेले पैसे परत मागितले जाण्याची शक्यता आहे. पैसे परत मागणारा असा खटला स्वतंत्र क्रमांकाने, स्वतंत्र डॉकेटमध्ये चालतो, तोही शोधून ठेवा.

उलट बाजूने, अर्जाआधीच्या २० दिवसांत खरेदीदाराच्या हाती पडलेल्या मालाच्या किमतीला अग्रक्रम मिळतो. ‘हाती पडणं’ कधी, याचा निकाल थर्ड सर्किट या संघीय अपील कोर्टाने २०१७ मध्ये वर्ल्ड इम्पोर्ट्स प्रकरणात दिला: एफओबी (जहाजावर चढेपर्यंतच विक्रेत्याची जबाबदारी) माल जहाजावर चढला तेव्हा नव्हे, खरेदीदाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष ताबा घेतला तेव्हा. म्हणून बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) तारखेवर थांबू नका, पोच मिळाल्याचा कागद मिळवा. ९० आणि २० दिवसांच्या या दोन्ही बाबतींत तिथल्या वकिलाला गाठा. आमचं काम कागद शोधून लावून देण्याचं, कायदेशीर सल्ल्याचं नाही.

आणखी थोडं

अर्ज दाखल झाला की वसुलीवर आपोआप स्थगिती येते, तेव्हा खरेदीदाराला धमकीवजा मेल पाठवणं थांबवा. दाव्यांची यादी खुली असल्याने ‘तुमचं येणं आम्ही विकत घेतो’ अशी पत्रं येतील. त्यांतली काही खऱ्या व्यापाऱ्यांची असतात, पण देऊ केलेली किंमत कोर्टातल्या ताज्या कागदांशी ताडल्याशिवाय सही करू नका.

बँकेला राइट-ऑफसाठी (येणं बुडीत दाखवण्यासाठी) किंवा विमा कंपनीला दाव्यासाठी कागद द्यायचे असतील, तर साधी प्रत चालेल की क्लार्कच्या शिक्क्याची, हे आधी लेखी विचारा. शिक्क्याच्या प्रतीला वेगळं शुल्क लागतं आणि टपालाला वेळ जातो. इलेक्ट्रॉनिक नोंदी सुरू होण्यापूर्वीची प्रकरणं पेसरवर मिळत नाहीत. ती फेडरल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये खोक्यांत असतात, आणि मागवण्याआधी क्लार्ककडून हस्तांतरण क्रमांक, खोक्याचा क्रमांक आणि जागेचा क्रमांक असे तिन्ही घ्यावे लागतात.