वेढे दुप्पट, चुंबक दुप्पट?

विज्ञान प्रदर्शन आलं की मुंबईच्या लोहार चाळीत विद्युतचुंबकासाठी (वीज सुरू असेपर्यंतच चालणारा चुंबक) तांब्याची वाइंडिंग वायर घेताना हमखास सल्ला मिळतो: 'वेढे वाढव, ताकद वाढेल.' अर्धंच खरं. जोर ठरतो वेढे गुणिले अँपिअर यावर. बॅटरी तीच ठेवून १०० वेढ्यांतून २ अँपिअर वाहत असतील, तर तीच तार २०० वेढे गुंडाळल्यावर रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) दुप्पट, प्रवाह सुमारे १ अँपिअर. गुणाकार २००च! फायदा वेगळा आहे: वीज निम्मी लागते, तार कमी तापते. (पेन्सिल सेलला स्वतःचाही रोध असतो, म्हणून सुरुवातीचे वेढे जोर वाढवतातच.) जास्त जोर हवा तर जाड तार घ्या, तिचा रोध कमी म्हणून प्रवाह जास्त; अर्थात बॅटरीला तेवढा प्रवाह झेपत असेल तर. आणि गाभा, म्हणजे ज्यावर तार गुंडाळायची तो दांडा, मऊ लोखंडाचा. कडक पोलाद वीज बंद केल्यावरही टाचण्या धरून बसतं.