एनएमएमएस: परीक्षा पास झाली, मग पैसे कुठे अडकतात?

घरची परिस्थिती बेताची, पण मूल हुशार, अशांसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) ही शिष्यवृत्ती आहे: नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. मूल महापालिकेच्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत हवं, सातवीला किमान 55 टक्के (एससी-एसटीला 50) हवेत आणि आईवडिलांचं मिळून उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. परीक्षेचा अर्ज शाळाच भरते, परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न.

पहिली अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. तो तहसीलदाराचा लागतो, 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढतात. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील मजुरीसाठी नाक्यावर उभे राहतात. यांना सॅलरी स्लिप कोण देणार? अशा वेळी स्वयंघोषणापत्र जोडतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना एजंट हमखास लाइटबिल मागतात आणि ते घरमालकाच्या नावावर असतं. घाबरू नका. पत्त्यासाठी रेशनकार्ड किंवा आधारही चालतं. फक्त परीक्षेचे फॉर्म निघायची वाट बघू नका, जूनमध्ये शाळा उघडली की दाखल्याच्या मागे लागा.

खरी गळती निकालानंतर होते. निवड यादीत नाव आलं, पेढे वाटले, की पालकांना वाटतं आता पैसे आपोआप येणार. येत नाहीत. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर (एनएसपी) वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पुढे दरवर्षी त्याचं नूतनीकरण. हे एका वाक्यात यादीखाली छापायला कुणाचं काय जात होतं, कोण जाणे!

पोर्टलवर तारखाही एकापेक्षा जास्त असतात: विद्यार्थ्याची, शाळेच्या पडताळणीची, जिल्ह्याच्या पडताळणीची. लोक सगळ्यात शेवटची वाचतात आणि निवांत बसतात. तुमची तारीख पहिली. अर्ज भरल्यावर शाळेने तो पुढे पाठवला का, हे स्वतः लॉगिन करून बघा. नववीला शाळा बदलली असेल तर नव्या शाळेतल्या क्लार्कला या योजनेचा पत्ताच नसतो, त्यामुळे तिथे दोनदा विचारा.

नावाचा घोळ तर घरोघरी. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. आठवीतच सगळीकडे एकसारखं करून घ्या. खातं मुलाच्या नावाचं हवं, आईच्या नव्हे. आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. सरकारी अनुदान त्याच खात्यात जमा होईल अशी आधार जोडणी झाली आहे का, ते काउंटरवर विचारा.

मुंबईतली आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या कित्येक शाळा आठवीपर्यंतच आहेत. पुढे घराजवळची म्हणून विनाअनुदानित शाळा घेतली, की शिष्यवृत्ती गेली. अकरावीलाही तेच: कॉलेज अनुदानित असलं तरी आपली तुकडी अनुदानित आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी विचारा. शिवाय दहावीला 60 टक्के (एससी-एसटीला 55) पडले तरच अकरावीपासूनचे पैसे मिळतात.