सोळा आण्यांचा बोनस आणि मेंदूचा हिशेब

भोसरीला माझ्या मेहुण्यांचं छोटं वर्कशॉप आहे. सहा सीएनसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी) मशीनं, अकरा माणसं. यंदा दिवाळीला बोनस वाटला, मिठाईचे पुडे दिले आणि भाऊबीज होऊन आठवडा झाला नाही तोच दोन ऑपरेटर काम सोडून गेले. मेहुणे फोनवर वैतागले होते. "अरे, अख्खा एक पगार दिला बोनस म्हणून! पोरांना कदरच नाही."

मला ते पटलं नाही. पोरांची कदर काढण्याआधी मेंदू बक्षिसाची नोंद कशी करतो, हे एकदा बघायला हवं.

डोपामाइनचं नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण 'आनंदाचं रसायन' म्हणून. ही ओळख फार ढोबळ आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग विद्यापीठात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवून डोपामाइन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत ठोके मोजले. एरवी या पेशी सेकंदाला चार-पाच ठोक्यांच्या संथ लयीत चालतात. माकडाच्या तोंडात ध्यानीमनी नसताना फळाच्या रसाचा थेंब पडला, की ठोक्यांचा एकदम कडकडाट होतो. इथवर 'आनंद' म्हणून चालून जाईल. पुढे मात्र रस यायच्या आधी दर वेळी एक खूण द्यायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनी माकडाला खूण कळली, आणि कडकडाट खुणेपाशी सरकला. रस तोच, तेवढाच, पण तो तोंडात पडताना पेशी ढिम्म! मग एकदा खूण दिली आणि रस दिलाच नाही. रस यायचा त्याच क्षणी पेशींची नेहमीची संथ लयसुद्धा थांबली. न आलेल्या गोष्टीची नोंद मेंदूने वेळेवर केली. मला हे दर वेळी वाचताना थक्क व्हायला होतं.

म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, मिळालेलं वजा अपेक्षित, ही वजाबाकी करतात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी १९९७ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे गणितासह मांडलं. त्या गणिताचं साधं रूप रेस्कॉर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच दिलं होतं: नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक त्या वजाबाकीचा काही हिस्सा.

हिस्सा निम्मा धरू आणि बोनस सोळा आणे. पहिल्या वर्षी अपेक्षा शून्य, म्हणून नवल पुरतं सोळा आण्यांचं. अपेक्षा आठवर जाते. दुसऱ्या वर्षी बोनस तेवढाच, नवल आठ आण्यांचं, अपेक्षा बारा. तिसऱ्या वर्षी नवल चार आणे, अपेक्षा चौदा. चौथ्या वर्षी नवल उरतं दोन आणे आणि अपेक्षा पंधरावर पोचते. पाचव्या वर्षी बोनस दिला नाही, तर मेंदूच्या वहीत शून्य पडत नाही, उणे पंधरा आणे पडतात.

चार वर्षं मी उगाच धरली नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या मालकांनी १९१९ ते १९२२ या चार वर्षांसाठी कामगारांना महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला आणि १९२३ चा नाकारला. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले, ते मार्चपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला, की बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. मालकांच्या लेखी ती खुशीची देणगी होती, कामगारांच्या लेखी तो पगारच झाला होता. आज बोनस कायद्यात आहे, किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो हक्काचा आहे आणि असायलाच हवा. फक्त त्यातून नवा हुरूप येईल, ही आशा मालकाने धरू नये.

अर्थात माकडाचा रस काही सेकंदांत येतो आणि बोनस वर्षाने. गिरणी कामगारांच्या संपामागे महागाई होती, पोट होतं. सगळं डोपामाइनवर ढकलणं हा अडाणीपणा ठरेल. 'डोपामाइन डिटॉक्स', म्हणजे मोबाइलसारखी सुखं काही दिवस सोडून मेंदू 'स्वच्छ' करायला शिकवणारी शिबिरं आणि माणसं टिकावीत म्हणून मालकाची खुर्ची ईशान्येकडून नैर्ऋत्येला हलवणारे वास्तुतज्ज्ञ, दोघांनाही पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे गणित आणखी एक गोष्ट सांगतं, ती कामाची आहे. ठोक्यांचा कडकडाट 'आत्ता नुकतं जे केलंस ते पुन्हा कर' असं शिकवतो. कृती आणि बक्षीस यांच्यात जितकं अंतर, तितकी ती शिकवण पुसट होते.

मेहुण्यांना विचारलं, गेलेल्या दोघांपैकी कुणी मधे काही वेगळं केलं होतं का? ते जरा थांबले. म्हणाले, एकाने श्रावणात स्वतःच्या डोक्याने एक जिग, म्हणजे मशीनवर तुकडा नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा, बनवली होती. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर बांधायला चाळीस मिनिटं लागायची, ती पंधरावर आली.

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"तेव्हा काही नाही. म्हटलं, दिवाळीला बघू."

दिवाळीला त्याच्या पाकिटात हजार रुपये जास्त होते. ते कशाचे, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. ती जिग अजून तीन नंबरच्या मशीनवर रोज लागते.